मायकेलच्या हाती न लागलेलं कार्ड

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाला खंडेनवमी शिकवावी लागत नाही. सांगली डेपोत त्या दिवशी पान्यापासून जॅकपर्यंत प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लागायचं आणि फोरमन दीनानाथ मोहित्यांची बोटं पुढे कितीतरी दिवस पिवळी राहायची. आता ते निवृत्त होते. बायको गेल्यावर मुलाने, आशुतोषने, हवापालट म्हणून त्यांना आयर्लंडमध्ये गॉलवेला आणलं, पाठोपाठ कोरोना आला आणि पाहुणा मुक्कामीच झाला.

मुलगा मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर, सून माधवी घरून काम करणारी. दिवसभर सासऱ्यांशी बोलायला कुणाला सवड नव्हती, एका शेजाऱ्याखेरीज. नोएल ऐंशीच्या घरातले, तेही विधुर, मूलबाळ नाही. दोन परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्या अलीकडे हे, पलीकडे ते, अंतर राखून. एकाचं इंग्रजी सांगलीचं, दुसऱ्याचं तिथल्या मेयो परगण्याचं. निम्मं कळायचं, निम्म्यावर मान डोलवायची. तरी त्यांचं छान जमलं, कारण दोघांनाही कुठे जायची घाई नव्हती.

ऐन नवरात्रात नोएल एक कार्ड घेऊन आले. प्लास्टिकच्या पाकिटात काडेपेटीहून जरा मोठा पुठ्ठा, त्यावर बेसबॉल खेळणाऱ्या कुणा अमेरिकनाचं रंगीत चित्र, मागे सिगारेटची जाहिरात. शंभरएक वर्षांपूर्वी अशी कार्डं सिगारेटच्या पाकिटांत आणि गोळ्या-चॉकलेटांबरोबर फुकट मिळत. हेही काही दुर्मीळ नव्हतं, हजारांनी सापडतं, असं नोएलच म्हणाले. पण पोरं ती भिंतीवर आपटून खेळत, खिशात कोंबत, त्यामुळे सापडतात ती कोपरे झिजलेली. या कार्डाचे चारही कोपरे सुरीसारखे होते.

हे कसं वाचलं, असं दीनानाथांनी विचारलं. नोएल हळूहळू सांगत गेले. त्यांच्या वडिलांचा थोरला भाऊ मायकेल. त्याच्यासाठी मामाने बोस्टनहून हे पत्रात घालून पाठवलं. पत्र पोचलं तेव्हा सात वर्षांच्या मायकेलला पुरून झालं होतं. आईने कार्ड आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं, ते पुढे कुणी काढलंच नाही. मायकेलचा फोटो नाही, थडग्यावर दगड नाही. घरात तेव्हा दगडाची ऐपत कुणाला होती?

आता बोस्टनजवळच्या एका छोट्या संग्रहालयाने कार्ड मागितलं होतं. झिजलेलं त्यांच्याकडे होतंच. त्यांना हवं होतं ते असं, कोरं. काचेखाली ठेवणार होते आणि खाली पट्टीवर मायकेलचं नाव, गाव लिहिणार होते. मी गेलो की त्याचं नाव माहीत असलेलं कुणी उरत नाही, असं नोएल अगदी साधेपणाने म्हणाले. त्याआधी कडांचे मोठे करून काढलेले फोटो पाठवायचे होते, आणि आशुतोषच्या कारखान्यात तसा कॅमेरा होता. तो सोमवारी नेणार होता. तोवर कार्ड मोहित्यांच्या घरी राहिलं.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

माधवीने पाटावर लॅपटॉप, सुरी, आशुतोषचा स्क्रूड्रायव्हर मांडला. दीनानाथांना वाटलं, घरात आज सगळ्यांत मोलाची वस्तू तर हीच, आणि तीही परक्याची. तिला पाटावरून कसं वगळायचं? प्लास्टिकवरून केलेली पूजा त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी कार्ड बाहेर काढलं आणि ओल्या बोटाने हळद लावली, वर कुंकू लावलं, हात जोडले. त्या पोराच्या नावाने जोडले, हेही खरं.

आशुतोष खाली आला, पाटाकडे पाहिलं आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जुना कागद ओल पिऊन फुगला होता आणि हळद काही पुसून जाणारी नव्हती.

दीनानाथ स्वतःच कार्ड घेऊन भिंतीशी गेले. "पूजा," ते म्हणाले, "रिस्पेक्ट. फॉर मायकेल." पुढे माफीचं इंग्रजी जुळवत होते, तोवर नोएलनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ग्रँड, दीना. इट्स ग्रँड."

दीनानाथांचा जीव भांड्यात पडला. ग्रँड म्हणजे भव्य, उत्तम, एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. माणसाला आवडलं तर माफी कसली मागायची? उलट मागितली तर पूजेचाच अपमान. ते हसत घरात आले आणि सुनेला म्हणाले, "बघ, तुम्ही उगाच घाबरलात. ग्रँड म्हणाला तो."

माधवी भाजी चिरत होती, ती थांबली. "बाबा, इथे ग्रँड म्हणजे तसं नाही. पाय मोडला तरी ही माणसं ग्रँडच म्हणतात. ते म्हणाले, असू दे."

त्या दिवसानंतर नोएल भिंतीशी आले नाहीत. हवा गार झाली होती, निर्बंध पुन्हा कडक झाले होते, कारणं पुष्कळ होती. दीनानाथ मात्र रोज कानटोपी घालून उभे राहायचे. 'आय ॲम सॉरी' त्यांनी घोकून ठेवलं होतं. संग्रहालयाने नकार कळवला, हे आशुतोषकडून समजलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. एका पोराचं नाव या जगात लिहिलं जाणार होतं, ते आपण पुसलं, हे त्यांना पक्कं कळलं होतं, आणि असल्या गोष्टीवर कसली समजूत चालते?

जानेवारीत नोएलना ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. गल्लीतली बाकी माणसं आपापल्या दारात उभी राहिली आणि गाडी सावकाश पुढून गेली. दीनानाथांनी 'आय ॲम सॉरी' तेव्हा म्हटलं, मोठ्याने म्हटलं. गाडीच्या काचा बंद होत्या.

सर्वपित्री अमावास्येला सांगलीचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर आले. स्वयंपाकघरात ताम्हण, तीळ, पाणी. आई, वडील, बायको झाली. आणखी कुणी, असं गुरुजींनी विचारलं.

"मायकेल," दीनानाथ म्हणाले. "वय सात."

गुरुजी म्हणजे भला माणूस, त्याने काही विचारलं नाही. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायचं, एवढंच सांगितलं. तिळाचं पाणी अंगठ्यावरून ताम्हणात पडलं.

"अजून?"

"नोएल. काश्यपच."

"नातं काय लावू? मित्र?"

दीनानाथांची ओंजळ भरलेली होती.

"ते त्याला विचारायचं राहिलं, गुरुजी," ते म्हणाले, आणि बोटांतून पाणी गळून गेलं.