काय मारलंत खोलीत?

"मासळी खाल्ली, सिस्टर. त्याच्यानंच झालं," झुबेर तिसऱ्यांदा म्हणाला.

अलीमियाँच्या तोंडातली लाळ नळीने ओढता ओढता जॅकलीनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. वसईहून येऊन शारजातल्या या इमर्जन्सीत तिची एकवीस वर्षं गेली होती. मासळीने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत नाहीत, छाती अशी घुरघुरत नाही, आणि कपड्यांना रॉकेलचा वास तर मुळीच येत नाही.

"ढेकणांसाठी खोलीत काय मारलंत?"

"काय नाय."

"अरे, तुझा चाचा मरतोय इथं! मी काय तुमच्या कंपनीची मॅनेजर आहे? बोल!"

झुबेरने मान खाली घातली. कंपनीच्या कामगार-कॅम्पात खोलीत औषध मारायला बंदी होती. सापडलं तर दोघांचीही रवानगी थेट रत्नागिरीला. शेवटी त्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. लेबल नाही, तळाशी दुधी पाणी.

"गादीवर मारलं. चाचा तिच्यावरच झोपले."

"हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"

डॉक्टर तहसीननी विषावरच्या उताऱ्याचा, अ‍ॅट्रोपिनचा, डोस वाढवला. जॅकलीनने अलीमियाँचे कपडे कात्रीने कापून काढले, साबणाच्या पाण्याने त्यांना नखशिखांत धुतलं. डोसामागून डोस गेले, तेव्हा कुठे घुरघुर कमी झाली.

मग तिचं लक्ष झुबेरकडे गेलं. एवढ्या एसीत तो घामाने निथळत होता, बाहीने नाक पुसत होता. तेच औषध अंगाला लागलेल्या चाचांना याच माणसाने पाठीवर घेऊन तीन जिने खाली आणलं होतं. तिने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

"अंधुक कधीपासून दिसतंय?"

"पहाटे फजरच्या नमाजापासून. पण मला काय नाय, चाचांना बघा आधी."

"काय नाय, काय नाय! एकवीस वर्षं हेच ऐकतेय मी. आता बास, खलास! यल्ला, आंघोळीला चल!"

दुपारी अलीमियाँना आयसीयूत हलवलं. श्वास मशीनवर चालू होता. "पण वाचतील, इन्शाल्ला," डॉक्टर तहसीन म्हणाल्या.

झुबेरला आणखी चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून जॅकलीन त्याच्या कॉटपाशी आली. एका हाताला सलाईन, पाठीवर उघडा पडलेला हॉस्पिटलचा गाऊन. तिला पाहताच तो धडपडत उठून बसला. मोकळ्या हाताने त्याने गाऊन मागून आवळून धरला, आणि गुडघे पोटाशी घेऊन कॉटच्या कडेला जागा केली.

"बसा, सिस्टर. सकाळपासून उभ्याच आहात."

जॅकलीन बसली, आणि त्याच्या गाऊनच्या मागच्या नाड्या बांधू लागली.