भांग कुठून पाडता?

आमचं केसांचे टोप करायचं दुकान. यजमान होते तेव्हापासून तिथे एक शब्द वर्ज्य होता, टक्कल. आजारपणात केस गेलेली बाई पडद्याआड स्टुलावर बसली की ते टेप हातात घेऊन एवढंच विचारत, "भांग कुठून पाडता?" 'पाडत होतात' असं कधी म्हणाले नाहीत. ती बोटाने दाखवायची आणि तिचे खांदे सैल व्हायचे.

आता दुकान सून बघते. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं दुकान निघालं, गिऱ्हाईक तिकडे वळलं, तेव्हा मीच तिच्यामागे लकडा लावला, "इंटरनेटवर आपलं नाव पहिलं आलं पाहिजे." तिने वेबसाइट केली आणि नाव खरंच पहिलं आलं. मी शेजारीपाजारी मिरवलं. वाचलं मात्र नाही. मोबाइलवरची अक्षरं मला मुंगीएवढी दिसतात.

काल शाळेतल्या बाई आल्या. त्यांचा पहिला टोप यजमानांनी केलेला. एरवी आल्या की थेट आरशापुढे बसतात, काल दारातच उभ्या राहिल्या.

"वहिनी, भाचीचे केस गेलेत औषधांनी. तिला तुमचं दुकान शोधायला सांगितलं. तिने वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. म्हणते, मेले तरी तिथे जाणार नाही."

"असं काय लिहिलंय?" मी सुनेकडे वळले. "वाच गं मोठ्याने."

"आई, नंतर..."

"आत्ता."

"टकल्या बायकांसाठी टोप. टकल्या बायकांसाठी स्वस्त टोप. टकल्या बायकांसाठी जवळचा टोप..." ओळीगणिक तिचा आवाज खाली जात होता.

"जवळचा टोप? लांबचा कुणी घालतं का?" बाई म्हणाल्या. हसलं कोणीच नाही.

"लोक शोधताना हेच शब्द टाकतात, म्हणून..." सून पुटपुटली. "पण उघडतात आणि लगेच बंद करतात. का, तेच मला कळत नव्हतं."

"आम्ही स्वतःला काहीही म्हणू. दुकानाने म्हणायचं नसतं," बाई म्हणाल्या.

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. पहिला नंबर मलाच हवा होता ना!

सुनेने तिथल्या तिथे सगळं पुसलं. "आता आपण पार तळाला जाऊ, आई."

"जाऊ दे."

आज सकाळी टेप घेऊन मी त्या भाचीच्या घरी गेले. डोक्याला रुमाल बांधलेल्या पोरीने दार अर्धवट उघडलं.

"तुम्ही त्या टकल्या बायकांच्या दुकानातल्या ना?"

"हो, त्याच."

वाटेत घोकलेलं सगळं विसरले. मान वर होईना. तिच्या पायांकडे बघतच म्हटलं, "भांग कुठून पाडतेस?"

मग ती म्हणाली, "खाली बघून कसं दिसणार? वर बघा की."

रुमालावरून तिचं बोट हळूहळू फिरत होतं, उजव्या बाजूने.