गाठमायचं लाल फडकं

डोंगरकडा गावाच्या अलीकडे, रस्त्याकाठच्या पत्र्याच्या शेडसमोर बायांची ही झुंबड! आत पडद्याआड गाठमाय. छातीतली गाठ ती म्हणे नुसत्या फडक्यानं ओढून काढायची. चिरफाड नाही, गोळी नाही, आणि मुख्य म्हणजे पुरुष डॉक्टरपुढे पदर काढायला नको. मग काय, आखाडा बाळापूरपासून जीप भरभरून बाया येत होत्या.

गाठमाय आधी गाठीवर हळद चोळायची, मग ओलं फडकं दाबायची. फडकं लालभडक!

"निघालं नासकं रगत!" ती गरजायची. "आता विटाळ येऊन जाऊ दे. डोक्यावरून पाणी घे, मंग चाचपून बग. गाठ राहिली तर माझं नाव बदल!"

नाव तरी कोणाला ठाऊक होतं म्हणा!

प्रियंकानं चाचपून पाहिलं होतं आणि तिची गाठ खरंच गेली होती. ती शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची, त्यामुळे गाठमायला तर घबाडच मिळालं. "ही बगा मास्तरीण! शिकलेली हाय, इचारा तिला!" आणि प्रियंका चारचौघींत मान हलवायची.

म्हणूनच सासूबाई, आशाबाई, एकदा हळूच म्हणाल्या, "काखेपाशी खडा लागून राहिला गं, पण दुखत न्हाई," तेव्हा प्रियंकानंच त्यांना तिथं नेलं. फडकं लाल झालं. आशाबाईंची पाळी केव्हाच बंद झालेली. गाठमाय म्हणाली, "म्हातारपणाची गाठ चिवट असते. दर अमावस्येला येत जा." त्या जात राहिल्या. उन्हाळा सरला, सोयाबीनही निघालं. गाठ मोठी झाली, वरची कातडी आत ओढली गेली. मग कुठं प्रियंका घाबरली आणि त्यांना घेऊन कळमनुरीला डॉक्टर फरहानांकडे गेली. सुईची तपासणी नांदेडला झाली. कॅन्सर निघाला.

"उपचार आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं. इतके दिवस काय केलं?"

प्रियंकानं सगळं सांगितलं. स्वतःच्या गाठीचंही.

"तुमची गाठ आली कधी होती?"

"पाळीच्या आधी. दुखायची."

"आणि पाळीनंतर गेली. अहो, कितीतरी बायकांना असं होतं. पाळीच्या आधी छाती सुजते, गाठी लागतात, पाळी आली की बसतात. ती बाई नुसती जांभया देत बसली असती तरी तुमची गाठ गेली असती! म्हणून तर ती 'पाणी घेतल्यावर बघ' म्हणते. यांची गाठ त्यातली नव्हेच."

"पण मग रक्त..." प्रियंका बोलता बोलता थांबली. हळद. चुन्याच्या निवळीत भिजवलेलं फडकं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हा प्रयोग तर ती दरवर्षी पोरांना करून दाखवायची! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आशाबाई शेजारीच होत्या, पण त्यांच्याकडे बघायची तिची छाती होईना.

ऑपरेशनसाठी दोघी नांदेडला निघाल्या त्या दिवशी तिनं वाट वाकडी करून जीप शेडपाशी नेली. सरळ पडद्याआड शिरली, हळद आणि ओलं फडकं उचलून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर आपल्या तळहातावर हळद चोळून ते दाबलं. फडकं लाल.

"माझ्या हाताला गाठ आहे का? चुना आहे हा, चुना!"

"पाप लागंल गं तुला!" आतून गाठमाय किंचाळली.

"काहून वो मास्तरीणबाई," रांगेतली एक बाई पुढं आली, "तुमीच तर सांगत व्हता, गाठ गेली म्हणून!"

"व्हय, मीच सांगत होते." प्रियंका म्हणाली. "ती आपोआप गेली होती. शिकलेली असून मी विचार केला नाही, आणि त्याची शिक्षा माझ्या सासूला झाली. बायांनो, गाठ दुखो न दुखो, डॉक्टरला दाखवा. तपासल्याशिवाय ती कसली आहे हे मला कळत नाही, तुम्हाला कळत नाही आणि या बाईला तर मुळीच नाही."

तेवढ्यात जीपमधून आशाबाई म्हणाल्या, "दुखली असती तर बरं झालं असतं माय. दुखली न्हाई, म्हणून आमी गप बसलो."

मघाची रांगेतली बाई पदर घट्ट ओढून जीपजवळ आली.

"माझी बी दुखत न्हाई वो," ती म्हणाली.

प्रियंकानं तिला जीपमध्ये घेतलं.