सौकुपांचा हिरवा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. जुना म्हणजे खरोखर जुना! माझा जन्म १९५१ सालचा, मिशिगनमधल्या कारखान्यातला. गोल डोळे, फुगीर गाल, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि अंगावर गडद हिरवा रंग. कॅन्ससमधल्या एमिल सौकुप नावाच्या तरुण शेतकऱ्याने मला पाहताक्षणी पसंत केले. त्याच्या बायकोला निळा हवा होता. "हिरव्या शेतात हिरवा ट्रक! उभा कुठे केलास तेच सापडायचं नाही तुला," ती म्हणाली. पण रविवारी चर्चला निघताना सगळ्यांत आधी तीच येऊन बसली!

काय दिवस होते ते! जूनमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की मला दम खायला फुरसत नसे. गहू भरायचा, गावातल्या उंच कोठारापाशी रांगेत उभे राहायचे, हौदा रिकामा करायचा की पुन्हा शेत. रांगेत एमिल माझ्या दाराला टेकून कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खाई. त्यांचा चुरा माझ्या आसनाच्या शिवणीत अजूनही असेल. सौकुपांची सगळी मुले माझ्यावरच गाडी शिकली, तीही आठव्या वर्षी. मी मुंगीच्या पावलांनी चालायचो, मूल उभे राहून चाक धरायचे आणि मोठी माणसे मागून वैरणीचे गठ्ठे फेकायची. शेवटची शिकली ती टेसा, एमिलची नात. तिने मला दोनदा कुंपणात घातले. "ट्रकचं काय व्हायचं ते होऊ दे, कुंपण नको मोडूस!" आजोबा ओरडले. मी मनावर घेतले नाही.

पुढे एमिल थकला आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडलो. कोंबड्या माझ्या आसनावर अंडी घालू लागल्या. टेसा मात्र दर शनिवारी येई. आजोबांनी तिला माझी खोड शिकवली होती: चोक अर्धाच ओढायचा, तीनपर्यंत मोजायचे आणि टाच अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून चवड्याने पायापाशी असलेले स्टार्टरचे बटण दाबायचे.

एमिल गेला. ऑगस्टमध्ये शेतावरच्या सगळ्या सामानाचा लिलाव ठरला. माझासुद्धा!

आमच्याकडे एक रीत आहे. घरचे लेकरू बोली लावू लागले की शेजारी हात खिशात घालतात, म्हणजे त्याच्यावर बोली चढवत नाहीत. सतरा वर्षांच्या टेसाने दोन उन्हाळे राबून साठवलेले पैसे आणले होते. तिने बोली लावली आणि भराभर सगळे हात खिशात गेले. पण शहरातून आलेल्या एका हॉटेलवाल्याला हे कुठून ठाऊक? "दारात उभा करीन, हौद्यात फुलझाडं लावीन," तो म्हणाला. "चालतो तरी का हा?"

लिलाव पुकारणाऱ्या ड्वेनने मला चालू करून पाहिले. घर्र... आणि शांत. पुन्हा तेच.

"मेलाय हा! भंगाराच्या भावात द्या," पाहुणा हसला.

आत्याने टेसाला चिमटा काढला. "गप्प राहा गं! स्वस्तात मिळतोय तुला."

टेसाने ओठ चावला. पण राहवलेच नाही तिला. "मेला नाहीये तो!" म्हणत ती आत चढली. अर्धा चोक, एक, दोन, तीन... आणि मी असा गरजलो की कोंबड्या पळाल्या, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या!

"अरे वा! मग दुप्पट देतो," पाहुणा ओरडला.

टेसाचा चेहरा उतरला. तिच्याजवळ तेवढे नव्हते.

तेवढ्यात शेजारचे म्हातारे व्हर्जिलकाका काठी टेकत पुढे आले. "पाहुणे, हात खिशात घाला."

"का बरं?"

"गार पडतील."

भर उन्हात सगळे घामाने निथळत होते! पाहुण्याने आजूबाजूला पाहिले. दोनशे माणसे, आणि एकाचाही हात बाहेर नाही. मग त्याने स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेल्या टेसाकडे पाहिले आणि हळूच दोन्ही हात खिशात घातले. "मी मघाशी जे बोललो..." तो पुटपुटला.

"काय बोललात?" ड्वेन म्हणाला. "या ट्रकच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही बुवा! टेसा सौकुप, घेऊन जा तुझं धूड!"

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी म्हातारी गाडी असेल. तिला पावसापासून जपा, अधूनमधून चालवा, आणि तिची खोड ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडून ती वेळेवर शिकून घ्या. टेसाने शिकून घेतली नसती, तर त्या दिवशी मी मेलो असेच सगळ्यांनी मानले असते.