साळूबाईची पाठ

“आमचंच उखळ! आमच्याच पडवीतलं!” हैबतराव फोटो छातीशी धरून ओरडला आणि मांडवातल्या दोनशे माणसांनी छायानाथबुवांचा जयजयकार केला.

१९५८ सालचा मे महिना होता. मुळशी धरणाचं पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडतात. पस्तीसेक वर्षांपूर्वी ही माणसं तिथून उठून माले गावाच्या वरच्या अंगाला राहायला आली. उठताना वासे काढले, कौलं काढली, जाती डोक्यावर घेऊन डोंगर चढले. जमिनीत पुरलेली उखळं तेवढी मागे राहिली. आपल्या घराच्या उंबऱ्याचा, कोनाड्याचा, उखळाचा फोटो हातात पडल्यावर कुणाला रडू येणार नाही? मलाही आलं असतं.

पण बुवांच्या फोटोत उखळाशेजारी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पाठमोरी. तिच्या अंगातून मागच्या भिंतीचे दगड आरपार दिसत होते.

“ही तुझी जन्मदाती, साळूबाई,” बुवा डोळे मिटून म्हणाले. “गेल्यापासून चार वर्षं माउली तिथं ताटकळली आहे. तोंड का दाखवत नाही? सुनेनं हाल केले म्हणून! सून घरात आहे तोवर माउली वळून बघणार नाही. अमावास्येच्या आत काय ते कर.”

बुवांकडे प्रत्येक घरासाठी पितर तयार होता. कुणाची आजी, कुणाची चुलती, झाडून सगळ्या पाठमोऱ्या. कुणाकडे पितर बोकडावर शांत होई, कुणाकडे जरीच्या लुगड्यावर. हैबतरावाकडेच सुनेवर का अडलं? तर त्याच्या बायकोनं, रंभाबाईनं, शिधा मागायला आलेल्या बुवांना दारातच सुनावलं होतं, “हातीपायी धड हायसा, शेतात राब भाजायला या. भाकरी देते.” बुवांनी ते लक्षात ठेवलं होतं. शिवाय सक्त ताकीद: फोटो लाल फडक्यात देव्हाऱ्यात ठेवायचा, दुसऱ्या घराला दाखवायचा नाही, आणि जिच्यावर पितराचा कोप तिची तर नजरही पडू द्यायची नाही. हे पितर मोठे सोवळे. प्रकट होण्याआधी मात्र त्यांना आठ दिवस पुण्याच्या स्टुडिओत मुक्काम लागे.

मी पौडच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधांची पेटी घेऊन वस्तीवर गेलो, तर रंभाबाई अंगणात गाठोडं बांधत होती.

“वहिनी, कुठं निघालात?”

“रिह्याला, म्हायेरी. अवसेला पोचवणार हायेत. कायमची.” मग खाली बघत म्हणाली, “आत्याबाई तीन वरीस अंथरुणाला खिळल्या व्हत्या, भाऊ. समदं मीच केलं. तरी त्या रागावल्या म्हंजी माजंच कायतरी चुकलं असंल.”

तिचाही विश्वास बसला होता. बुवांचा मला तोवर राग आला नव्हता, पण या वाक्यानंतर असा आला की पेटी हातातून खाली ठेवावी लागली.

हैबतरावानं मला फोटो दाखवला, कारण मी वस्तीतल्या कुठल्याच घरचा नव्हतो. तो बघितला आणि मी खो खो हसत सुटलो. माझ्याकडे जुना बॉक्स कॅमेरा आहे. एक फोटो काढला की किल्ली फिरवून फिल्म पुढं सरकवायची असते. पुतणीच्या लग्नात मी ते विसरलो, तर नवरदेवाच्या फेट्यावर बैल उभा राहिला. नवशिक्याच्या हातून होणारी ही चूक बुवा सिद्धी म्हणून विकत होते!

अमावास्येला सहा दिवस होते. मी धरणात उतरून त्याच उखळाचा फोटो काढला. किल्ली फिरवली नाही. मग बुवांच्या मठीत जाऊन हात जोडले, “महाराज, एक फोटो?” महाराज खूश. त्यांची शिष्या बाजूला झाली. मागं काळी घोंगडी टांगलेली, पुढं महाराज मांडी घालून, दाढी विंचरून.

फिल्म घाईनं पुण्याहून धुऊन आणली आणि अमावास्येच्या सकाळी भर मांडवात मी तो फोटो पिशवीतून बाहेर काढला. हैबतरावाच्या उखळाशेजारी बुवा बसलेले आणि त्यांच्या पोटातून भिंत दिसत होती.

“बुवा, तुम्ही वारलात कधी?”

माणसं पुढं सरकून फोटो बघायला लागली. तेवढ्यात एक भक्त ओरडला, “जित्तेपनी पितरांत जात्यात! धन्य महाराज!” मी कपाळावर हात मारला.

मग मी कॅमेरा उघडून दाखवला. आधी घराचा फोटो, मग त्याच फिल्मवर घोंगडीपुढं उभ्या माणसाचा. काळ्या रंगाचं फिल्मवर काही उमटत नाही. माणूस तेवढा उमटतो, आणि त्याच्यातून आधीची भिंत दिसते.

“नजरबंदी! कलियुग! पितर कोपतील!” बुवांचा घसा फुटायला आला.

“कोपू द्या,” म्हणत हैबतरावाच्या शेजारची गोजराबाई उठली आणि घरच्या देव्हाऱ्यातली आपली ‘चुलती’ घेऊन आली. तिच्यामागून इतर बायका गेल्या. बुवांच्या बैठकीच्या घोंगडीवर सहा फोटो ओळीनं लागले. सहा घरं, सहा उखळं, पाठ एकच. गोजराबाईनं बुवांच्या शिष्येला खांद्याला धरून पाठमोरी उभी केली. सहाही घरांचे पितर जागच्या जागी सापडले.

गाठोडं घेऊन मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या रंभाबाईला आता कुणी अडवलं नाही. तिनं पहिल्यांदाच आपल्या घरचा फोटो हातात घेतला आणि पुष्कळ वेळ बघितला.

“ह्या आत्याबाई न्हाईत,” ती म्हणाली. “माळ्यावरनं पडल्यापासनं त्यांचा डावा खांदा उतरला व्हता. हिचं दोनी खांदं सरळ हायेत. त्या पाठीवर तीन वरीस रोज पानी वतलंय म्या. मला वळखू येनार न्हाई व्हय?”

दोनशे माणसं हैबतरावाकडे बघायला लागली. पोटच्या पोराला आईची पाठ ओळखता आली नव्हती.

“चल घरी,” तो पुटपुटला.

“यीन. पर येवडं सांगा. मला घालवून द्यायला निगाला व्हता. त्याआदी हा फोटू एकडाव माज्या हातात दिला असता, तर तुमचं काय जात व्हतं?”

हैबतरावानं खाली वाकून तिचं गाठोडं उचललं. बुवा आणि शिष्या त्या गडबडीत घोंगडी टाकून पसार झाले. उद्या दुसऱ्या गावात दुसरं काहीतरी दाखवतील, त्याला इलाज नाही. आपल्याला एवढं करता येतं: कुणी चमत्कार दाखवला की तो हातात घेऊन बघावा, शेजाऱ्याला दाखवावा, आणि त्या चमत्कारानं ज्याच्यावर ठपका ठेवला असेल, त्याला सगळ्यांत आधी दाखवावा. जो माणूस हे करू देत नाही, तो चोर आहे असं खुशाल समजा.