व्हिएतनामची शिंक

कंपनीनं ‘कुठूनही काम करा’ म्हटलं आणि जाहिदच्या टीममध्ये परदेशातल्या स्वस्त शहरांचं खूळच शिरलं. कुणी जॉर्जियाला गेलं, कुणी बँकॉकला. जाहिद मात्र मिरचीसाठी नावाजलेल्या नंदुरबारला, अम्मीच्या घरी, फुकटात! पण हे चारचौघांत सांगणार कसं? त्यानं पाठीमागे समुद्राचं चित्र लावलं आणि ठोकून दिलं, “मी व्हिएतनामला!”

मीटिंगमध्ये तो तिथल्या स्वस्ताईचे गोडवे गात होता. इतक्यात घरामागच्या पथारीवर बाया वाळत घातलेली मिरची उलथू लागल्या. जाहिदला शिंकांवर शिंका सुटल्या.

“समुद्राचं वारं बाधलं,” तो नाक पुसत म्हणाला.

एरवी इंग्रजीशिवाय न बोलणाऱ्या त्याच्या बॉस देवरे मॅडम पडद्यावर खुदकन हसल्या.

“भाऊ, हाई मिरचीनी शिंक शे. मन्हं माहेर नंदुरबारच शे. व्हिएतनामथीन येशी तव्हय दोन किलो मिरची लई येजो!”