कपाखालचा चार्जर

मित्रांनो, मी एक वायरलेस चार्जर आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी चेष्टा करणारे मला पुष्कळ भेटले. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे आहे. फोन माझ्यावर नीट ठेवला की भरू लागतो. जरा वाकडा ठेवला की भरत नाही, आणि भरताना थोडा तापतो. वायरपेक्षा मी हळू आहे. कबूल! पण म्हणून मी टाकाऊ?

मला या घरात मुलाने आणले. सुरुवातीला तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मला कौतुकाने दाखवत असे. मग त्याने झटपट भरणारा नवा फोन घेतला, जुना वडिलांना दिला आणि मी म्हणजे नुसते खूळ आहे, असे ठरवून तो मोकळा झाला. माझा प्लग भिंतीत तसाच राहिला, बटण तेवढे बंद झाले. सूनबाई माझ्यावर चहाचा कप ठेवू लागल्या. मी काय बशी आहे?

वडील घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून बारीक स्क्रू बसवणारे त्यांचे हात आता थरथरत. दुकान बंद करा, असा लेकीने हट्ट धरला तेव्हा बापलेकीचे चांगलेच वाजले. शेवटी दुकान बंद झालेच. पुढे त्यांचा फोन सारखा बंद लागू लागला. मुलगा म्हणे, बाबा विसरतात. दूर राहणाऱ्या लेकीने मात्र भावाला सांगून टाकले की बाबांना माझ्याशी बोलायचेच नाही, आता मीही फोन करणार नाही.

खरे काय ते फक्त मला ठाऊक होते. घरात कोणी नसले की वडील टेबलाशी बसून फोनला वायर लावू पाहत. पिन कधी डावीकडे घसरे, कधी उजवीकडे. शेवटी ते वायर गुंडाळून ठेवत. लोकांनी विसरभोळे म्हटलेले त्यांना चालत होते. हात साथ देत नाहीत, हे मात्र सांगवत नव्हते.

एका सकाळी त्यांनी माझ्यावरचा कप उचलला, सदऱ्याच्या टोकाने मला पुसले, बटण दाबले आणि फोन ठेवला. तो वाकडा बसला. त्यांनी बोटाने हळूच सरकवला आणि माझा दिवा लागला. थोड्या वेळाने फोन माझ्यावरच ठेवून, स्पीकर लावून, त्यांनी स्वतःहून लेकीला फोन केला.

"रागावला होतात ना बाबा?" तिने विचारले.

"नाही गं. पिन बसत नव्हती. हात ऐकत नाहीत आता. दुकानाचं तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

पलीकडे ती रडू लागली, आणि इकडे वडीलही.

संध्याकाळी मुलगा त्यांच्यासाठी वेगवान वायर आणतो म्हणाला. वडिलांनी त्याला मला हलवू दिले नाही.

मित्रांनो, घाई असेल तर खुशाल वायर लावा, मी आड येणार नाही. पण मला खूळ म्हणायचे असेल तर त्या हातांसमोर येऊन म्हणा. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा फोन वारंवार बंद लागला, तर रुसण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. तो चार्जिंगला कसा लावतो, ते एकदा बघा.